तांबड्या थराची बाजू

पुण्याच्या टेकड्यांविषयी कोणी लिहायला बसले की काळ्या कातळाचे कौतुक ओघानेच येते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेला लाव्हा, त्याचे एकावर एक साचलेले थर, हे वाचकांना ठाऊकच आहे. तरीही पर्वती म्हणजे ज्वालामुखीचे तोंड, असे छापणारे कोणीतरी निघतेच. पर्वती काय, हनुमान टेकडी काय, ८०० मीटर उंचीची वेताळ टेकडी काय, या सगळ्या झिजेतून उरलेल्या आहेत. भोवतालचा खडक मुळा-मुठेने आणि ओढ्यानाल्यांनी कधीच वाहून नेला.

माझे जुने म्हणणे पुन्हा मांडतो. खडक वाहून नेला नद्यांनी, पण या मुलखाला आकार दिला तो कातळांच्या मधल्या मऊ थरांनी. मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा मऊ खडक, आणि तांबडा थर आधी झिजतात, वरचा कातळ अधांतरी राहतो आणि उभ्या सांध्यांवर तुटून कोसळतो. म्हणून कडा उभाच्या उभा मागे सरकतो आणि खाली सपाटी उरते. सिंहगडाच्या अंगावरचे टप्पे असेच पडले.

विद्यार्थ्यांना मी कात्रजच्या घाटात, रस्त्याच्या कापापाशी उभे करत असे. तांबड्या पट्ट्याची वरची सीमा अगदी रेखीव, खालची मात्र पुसट. मधे बोट फिरवले की लाल भुकटी हाताला लागते. खाली जावे तसा रंग विरतो, मुरूम लागतो, मुरमात पापुद्रे सुटणारे गोल गोटे, आणि मग अखंड पाषाण. दोन लाव्ह्यांच्या मधे एवढा काळ गेला की खालच्या खडकाची माती झाली, आणि वरून आलेल्या लाव्ह्याने ती विटेसारखी भाजून काढली. हा सगळा थर म्हणजे ज्वालामुखीची राख, असे सांगणारे आमच्या भूविज्ञानातच आहेत. काही ठिकाणी राख मिसळली असेलही. पण नुसती राख वरून पडली असती, तर खालची सीमा अशी हळूहळू का विरावी? परिसंवादांतून किती वेळा विचारले, उत्तर मिळाले नाही.

सांध्यांतून मुरलेले पाणी याच चिकण थरावर अडते आणि डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर पडते. आज टेकड्या फोडताना हे कोण पाहतो? उताराचा पाया तोडायचा, झऱ्याचे तोंड बुजवायचे, वर इमारत चढवायची. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर पावसाने भिजलेली माती आणि कुजलेला खडक घसरून आला, १५१ माणसे गेली. त्यानंतर तरी उतारावर बांधकामाची परवानगी देण्याआधी तिथला थर बघायला कोणी जाईल, असे वाटले होते. परवानग्या अजून नकाशावरच दिल्या जातात. घाटातले कापही जाळ्या ठोकून, वर सिमेंट फवारून झाकले जात आहेत. वाहतुकीची सुरक्षा मला मान्य आहे. पण जिथे दरडीचा धोका नाही, असा एक तरी काप कात्रजला उघडा ठेवा. तिथे जाळीऐवजी माहितीचा फलक लावा, आणि शाळांच्या सहली तिथे थांबू द्या.