मोठ्या किमतीच्या वापरलेल्या मोटारीची विक्री : मार्गाची निवड आणि विक्रेत्याचे दायित्व

प्रस्तावना :

ऑक्टोबर 2010 मध्ये तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर शहरातील उद्योजक व व्यावसायिकांच्या एका गटाने एकत्र येऊन 150 मर्सिडीज-बेंझ मोटारी खरेदी केल्या. हा व्यवहार सुमारे 65 कोटी रुपयांचा होता. संघटित खरेदीमुळे ग्राहकाची सौदाशक्ती कशी वाढते याचे उदाहरण म्हणून ही घटना वाणिज्य व व्यवस्थापनाच्या वर्गांत आजही सांगितली जाते. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते. त्या हिशोबाने या मोटारींची मूळ नोंदणीमुदत 2025 मध्ये संपली. त्यांच्या खरेदीची जेवढी चर्चा झाली तेवढी विक्रीची झालेली नाही, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने विक्रीचा प्रश्न अधिक अवघड आहे. दीडशे ग्राहक एकत्र आल्यास भाव उतरवून घेता येतो. दीडशे विक्रेते एकाच वेळी बाजारात आल्यास भाव त्यांच्याच विरोधात उतरतो.

अलीकडे प्राध्यापक, डॉक्टर, सनदी लेखापाल अशा वर्गांतही 25-30 लाखांवरील मोटारी दिसू लागल्या आहेत. घर विकताना वकिलाचा सल्ला घेणारी व्यक्ती एवढ्या किमतीची मोटार मात्र शोरूममधील विक्रेत्याच्या एका शब्दावर देऊन टाकते. अशी मोटार विकण्याचे उपलब्ध मार्ग कोणते, प्रत्येक मार्गात किंमत कशी ठरते आणि विक्रीनंतर मूळ मालकाच्या शिरावर काय शिल्लक राहते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

माहितीची असममितता :

वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचा सैद्धांतिक विचार अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात केला. हा निबंध छापून येण्यापूर्वी तीन नियतकालिकांनी नाकारला होता, आणि 2001 मध्ये ॲकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. संशोधन-पत्रिकांच्या वाचकांना हा तपशील दिलासा देणारा वाटावा. निबंधाचा गाभा असा की, मोटारीतील दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा चांगल्या व वाईट मोटारींची सरासरी काढून भाव देतो. त्या भावात चांगल्या मोटारीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात वाईट मोटारींचे प्रमाण वाढत जाते.

मोठ्या किमतीच्या मोटारीला हा सिद्धांत अधिक तीव्रतेने लागू पडतो. मोटारीची किंमत वर्षागणिक घटते, परंतु तिच्या सुट्या भागांची किंमत त्या प्रमाणात घटत नाही. नवी असताना 60 लाखांची असलेली मोटार आठ वर्षांनी 14 लाखांना मिळत असेल, तरी तिचा गिअरबॉक्स किंवा एअर सस्पेन्शन बिघडल्यास येणारे बिल 60 लाखांच्या मोटारीचेच असते. अशा एका दुरुस्तीत मोटारीच्या किमतीचा मोठा हिस्सा जाऊ शकतो. ग्राहक भाव पाडून मागतो तो बहुधा या भीतीपोटी. मालकाला तो अपमान वाटतो.

तेव्हा विक्रेत्याने प्रथम ही भीती कमी करणे आवश्यक ठरते. अधिकृत कार्यशाळेतील सर्व सर्व्हिसिंगच्या नोंदी, विम्याचे दावे घेतले असल्यास त्यांची कागदपत्रे, दोन्ही किल्ल्या आणि त्रयस्थ कार्यशाळेचा तपासणी अहवाल ही सामग्री भाव वाढवते, कारण दोष लपवणाऱ्याला ती सादर करणे परवडत नाही. स्पेन्स यांनी ज्याला ‘संकेत’ म्हटले तो हाच. मोटार धुऊन-पुसून चकचकीत करण्याला संकेताचे मूल्य नाही. ते कोणीही करू शकतो.

मालकाच्या अपेक्षेविषयी येथे थोडे बोलणे भाग आहे. विमापत्रावरील घोषित मूल्य म्हणजे बाजारभाव, असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक ते मूल्य ठरीव घसाऱ्याने काढले जाते : दोन ते तीन वर्षांच्या मोटारीस 30 टक्के, चार ते पाच वर्षांच्या मोटारीस 50 टक्के. त्यात मॉडेलची मागणी विचारात घेतलेली नसते. जुन्या मोटारीच्या भावाला वरची मर्यादा घालते ती नव्या मोटारीची आजची किंमत. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर उपकर रद्द होऊन 40 टक्के झाला. पूर्वी कर व उपकर मिळून हा बोजा काही मोटारींवर 50 टक्क्यांपर्यंत जात असे. नव्या मोटारी स्वस्त झाल्या, त्या दिवशी जुन्या मोटारीही मालकाच्या नकळत स्वस्त झाल्या. 2023 मध्ये मोजलेली रक्कम ग्राहकाला सांगून काही उपयोग होत नाही.

विक्रीचे मार्ग :

पहिला मार्ग विनिमयाचा : नवी मोटार घेताना जुनी त्याच वितरकाला देणे. यात श्रम सर्वांत कमी, आणि धूसरताही सर्वांत जास्त. जुन्या मोटारीची किंमत, विनिमय बोनस व नव्या मोटारीवरील सवलत या तीन रकमा एकाच कागदावर अशा मिसळलेल्या असतात की, एका खिशातून काढून दुसऱ्यात घातलेले पैसे मालकाला लाभ वाटतात. यावर साधा उपाय म्हणजे विनिमयाविना नवी मोटार घेतल्यास अंतिम किंमत किती, हे आधी लेखी घ्यावे आणि जुन्या मोटारीचा भाव नंतर विचारावा. दोहोंतील फरक हाच जुन्या मोटारीचा खरा भाव होय. मर्सिडीज-बेंझ, बीएमडब्ल्यू, ऑडी या कंपन्यांचे वापरलेल्या मोटारींचे स्वतःचे प्रमाणित विक्री कार्यक्रम आहेत. देखभालीच्या नोंदी पूर्ण असलेली, कमी वयाची मोटार असेल तर तेथे चौकशी करणे श्रेयस्कर, कारण अशा मोटारीसाठी त्यांच्याकडे ग्राहक येतच असतो.

दुसरा मार्ग ऑनलाइन खरेदी कंपन्यांचा. यांपैकी काहींची पद्धत लिलावाची आहे : मोटारीची तपासणी होते व देशभरातील व्यापारी बोली लावतात. चढत्या बोलीच्या लिलावात अंतिम भाव सर्वाधिक उत्सुक व्यापाऱ्याच्या मनातील किमतीवर ठरत नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या व्यापाऱ्याने जेथे माघार घेतली तेथे तो थांबतो. समजा, एका मोटारीचे मूल्य पाच व्यापाऱ्यांच्या मते 24, 23, 22.5, 21 व 20 लाख आहे. पाचही हजर असतील तर मोटार 23 लाखांच्या किंचित वर जाईल. त्या दिवशी 22.5 व 20 वालेच आले, तर तीच मोटार 20 लाखांच्या आसपास सुटेल. लहान हॅचबॅक मोटारीला बोली लावणारे भरपूर असतात, म्हणून तिच्यासाठी लिलाव न्याय्य भाव शोधून काढतो. 50 लाखांच्या गटातील डिझेल सेडानला मोजकेच व्यापारी पुढे येतात. बाजार जितका विरळ, तितका लिलाव विक्रेत्याला धोकादायक. त्यामुळे येथे किमान भाव आधी ठरवून ठेवणे अपरिहार्य आहे, आणि ‘हा भाव आज रात्रीपर्यंतच’ या ताकिदीला बळी पडण्याचे कारण नाही.

तिसरा मार्ग म्हणजे महागड्या मोटारींच्या व्यापाऱ्याकडे मोटार विक्रीसाठी ठेवणे व विक्री झाल्यावर दलाली देणे. व्यापाऱ्याचे भांडवल गुंतत नाही, म्हणून तो भाव पाडून मागत नाही. त्याच कारणाने त्याला विक्रीची घाईही नसते. चौथा मार्ग थेट ग्राहकाला विकण्याचा. यात भाव सर्वाधिक, तसेच अनोळखी माणसांची ये-जा, टेस्ट ड्राइव्हची जोखीम आणि महिनोन्‌महिने चालणारी घासाघीस.

हाती पडणारी रक्कम :

या मार्गांची तुलना केवळ बोललेल्या भावावर करता येत नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. विनिमयात 22 लाख मिळत आहेत. व्यापाऱ्याकडे ठेवल्यास 26 लाख येतील व 5 टक्के दलाली वजा जाता 24 लाख 70 हजार उरतील. मोटार तीन महिन्यांत विकली गेली, तर 22 लाखांवरील 8 टक्के दराचे व्याज 44 हजार आणि या काळातील घसारा अंदाजे 60 हजार धरून 23 लाख 66 हजार पदरात पडतात. म्हणजे विनिमयापेक्षा 1 लाख 66 हजार अधिक. तीच मोटार नऊ महिने पडून राहिली, तर व्याज 1 लाख 32 हजार, घसारा 1 लाख 80 हजार व मध्यंतरी विम्याचे नूतनीकरण 80 हजार असे 3 लाख 92 हजार वजा होऊन 20 लाख 78 हजार उरतात. मार्ग तोच, भाव तोच. केवळ कालावधीमुळे निर्णय उलटला. निर्मितीवर्ष मोजण्याच्या बाजारातील रिवाजामुळे डिसेंबरात न विकलेली मोटार जानेवारीत कागदोपत्री एका वर्षाने म्हातारी होते, हेही लक्षात घ्यावे लागते.

कराविषयी डिसेंबर 2024 मध्ये बराच गैरसमज पसरला होता. जैसलमेर येथील वस्तू व सेवा कर परिषदेच्या 55 व्या बैठकीनंतर जुन्या मोटारींवर सरसकट 18 टक्के दर आला. हा कर नोंदणीकृत व्यावसायिकाला त्याच्या नफ्याच्या फरकावर द्यावा लागतो. स्वतःच्या वापरातील मोटार विकणाऱ्या नोकरदाराला नाही. तथापि व्यापारी तो आपल्या हिशोबात धरतोच : तीन लाखांच्या फरकावर सुमारे 54 हजार. मालक आणि व्यापारी यांच्या भावांतील अंतराचा काही भाग येथे आहे. वैयक्तिक वापराची मोटार आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता ठरत नसल्याने तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही, आणि झालेला तोटाही वजा मागता येत नाही. व्यवसायात घसारा घेतलेल्या मोटारीचे गणित वेगळे.

रोखीचा मुद्दा गंभीर आहे. एका व्यवहारापोटी दोन लाख वा अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास 2017 पासून आयकर कायद्याने मनाई असून, दंड स्वीकारलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो. तो घेणाऱ्याला, म्हणजे विक्रेत्याला होतो. ‘पाच लाख रोख देतो, भाव थोडा वाढवतो’ हे आमिष नाकारावे ते या कारणाने. विसार असो वा पूर्ण रक्कम, ती बँकेमार्फतच घ्यावी आणि ग्राहकाच्या भ्रमणध्वनीवरील चित्रावर न विसंबता आपल्या खात्यात जमा झाल्याची खात्री करून मगच किल्ली द्यावी.

नावावर राहिलेली मोटार :

भावात दोन लाखांची चूक झाली तर ती सोसता येते. नोंदणी हस्तांतरणातील चूक मात्र उभ्या आयुष्याची मिळकत ओढून नेऊ शकते. मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. सर्वोच्च न्यायालयासमोर 2018 मध्ये निकाली निघालेल्या एका प्रकरणात नोंदणीकृत मालकाने 2007 मध्येच मोटार विकली होती. त्यानंतर ती केवळ कागदी व्यवहारांनी हातोहात फिरत गेली. 2009 मध्ये ती मागे घेतली जात असताना एक स्त्री जखमी झाली व तिचा भाचा मृत्युमुखी पडला. मोटार दोन वर्षांपूर्वीच विकल्याचा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही. अपघातग्रस्ताला एका खरेदीदाराकडून दुसऱ्याकडे पाठवणे कायद्याला अभिप्रेत नसून नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीपुस्तकात नाव असलेल्या व्यक्तीचीच, असे न्यायालयाने ठरवले.

म्हणून मार्ग निवडताना ‘किती मिळतील’ याच्या जोडीला ‘नाव केव्हा उतरेल’ हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त आहे. कोऱ्या नमुना 29 व 30 वर सह्या घेऊन ठेवण्याची व्यापाऱ्यांची जुनी पद्धत सर्वाधिक घातक होय. ग्राहक सापडेपर्यंत नाव मूळ मालकाचे राहते, आणि त्या दरम्यान मोटार कोण चालवतो हे त्याला ठाऊकही नसते. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या व 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या दुरुस्तीने यावर उपाय दिला आहे. वापरलेल्या मोटारींच्या व्यापाऱ्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयाचे प्राधिकारपत्र (नमुना 29ख) घ्यावे लागते, आणि मोटार त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना 29ग मध्ये पोर्टलवर दिल्यानंतर तो व्यापारी मानीव मालक ठरतो. हे प्राधिकारपत्र ज्याच्याकडे नाही, त्याने पन्नास हजार अधिक देऊ केले तरी त्याच्याकडे मोटार ठेवू नये.

थेट विक्रीत हे काम स्वतः करावे लागते. खरेदीदार त्याच राज्यातील असल्यास विक्रेत्याने 14 दिवसांत हस्तांतरणाची सूचना द्यायची असते. परराज्यातील असल्यास ना हरकत प्रमाणपत्रासह 45 दिवसांत. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे पत्र व नमुना 35 आधी हवा, थकीत ई-चलाने भरलेली हवीत. ताबा देताना दिनांक, वेळ व किलोमीटरचा आकडा लिहिलेल्या ताबा पावतीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात, कारण सायंकाळी सात वाजता झालेल्या अपघातात मोटार कोणाच्या ताब्यात होती हे त्या पावतीवरूनच दाखवता येते. फास्टॅग विक्रेत्याच्या खात्याशी जोडलेला असतो. तो त्याच दिवशी बंद करावा. विम्यातील ‘नो क्लेम बोनस’ मोटारीबरोबर जात नाही, तो मालकाचा असतो आणि 50 टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असू शकतो. विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेऊन ठेवल्यास नव्या मोटारीच्या हप्त्यात तो वापरता येतो. मोठ्या किमतीच्या मोटारीत ही रक्कम तीस-चाळीस हजारांच्या घरात जाऊ शकते, आणि बहुतेक विक्रेते ते पत्र मागायचेच विसरतात.