हंडा एक, ट्रंका दोन
गोदीच्या स्फोटात घर जळालं, उरला फक्त भरपाईचा अर्ज. पण त्या अर्जात अख्खं घर सापडलं!

आमच्या घरात एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. ‘गोदीच्या स्फोटात सगळं गेलं.’ त्याच्या पाठोपाठ दुसरं, जरा दबक्या आवाजात. ‘भरपाई आली, ती थोरल्यानं गिळली, असं ते म्हणतात.’

थोरला म्हणजे माझे पणजोबा. ‘ते’ म्हणजे धाकट्या पणजोबांचं घर. ते भाईंदरला, आम्ही मीरा रोडला. लोकलनं पुढचंच स्टेशन. पण संबंध लग्नपत्रिकेपुरता.

गेल्या दिवाळीत बाबांनी माळ्यावरची ट्रंक भंगारात काढली. तळाला पिवळा पडलेला, टाइप केलेला कागद होता. इंग्रजीत. वर पणजोबांचं नाव, मांडवीतल्या खोलीचा पत्ता आणि खाली सामानाची यादी. भंगारवाला दारात ताटकळत उभा, आणि मी जमिनीवर बसून वाचतेय!

त्या शुक्रवारी काय झालं?

१४ एप्रिल १९४४. दुसरं महायुद्ध सुरू होतं. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभं होतं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, जोडीला कापसाच्या गाठी आणि चक्क सोन्याच्या विटा! दुपारी जहाजात आग लागली. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, साधारण अर्ध्या तासानं दुसरा. गोदी आणि आसपासची वस्ती पेटली. मृतांचा आकडा ८०० ते १३०० च्या दरम्यान सांगितला जातो. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. म्हणूनच १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन.

सरकारनं त्याच वर्षी भरपाईसाठी वटहुकूम काढला. ज्याचं घर किंवा माल गेला, त्यानं दावा दाखल करायचा. आमच्या ट्रंकेतली होती त्या दाव्याची नक्कल.

यादीतलं घर

श्रीमंतांकडे तैलचित्रं असतात, फोटोंचे आल्बम असतात. आमच्या पणजोबांचा एकही फोटो नाही. पण पैसे मागायचे तर काय काय गेलं ते सांगावंच लागतं. त्यामुळे सगळं आलं: तांब्याचा हंडा एक, पितळी घागरी दोन, लोखंडी ट्रंका दोन, गाद्या तीन, पाटा-वरवंटा. प्रत्येकापुढे किंमत, रुपये-आण्यांत. मला खोली दिसायलाच लागली. गाद्या तीनच, म्हणजे बायकामुलं तेव्हा गावी असणार, असा माझा अंदाज.

हे वेड फक्त माझं नाही हं! जर्मनीत युद्धात घरदार गमावलेल्यांसाठी १९५२ मध्ये भरपाईचा कायदा झाला. त्या फायली बायरॉइटच्या अभिलेखागारात आहेत आणि लोक त्यातून आजोबांचं गाव शोधतात. आपल्याकडे फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या दाव्यांसाठी १९५० साली कायदा झाला. उल्हासनगरचा कुणी सिंधी मित्र असेल तर त्याच्या आजीला ‘क्लेम’ शब्द विचारून बघा.

भाईंदरची चक्कर

यादीचे दोन भाग होते. ‘माझे’ आणि ‘माझ्या धाकट्या भावाचे’. खाली दोन सह्या.

रविवारी झेरॉक्स घेऊन मी भाईंदरला गेले. धाकट्या पणजोबांचे चिरंजीव, आमचे नाना, आता ऐंशीच्या पुढे. दार उघडणाऱ्या काकूंच्या चेहऱ्यावर ‘ही कशाला आली?’ स्पष्ट होतं. नानांनी भिंग लावून यादी वाचली. मधेच खो-खो हसले. ‘ग्रामोफोन? अगं, चहाला साखर नसायची आमच्याकडे! दोघांनी मिळून ठोकून दिलंय.’

मग ते शेवटच्या सहीवर थांबले. बराच वेळ. ‘ही बाबांची. त्यांचं अक्षर मी पहिल्यांदाच बघतोय.’

पैसे आले का, किती आले, कुणी घेतले, हे त्या कागदात नाही. पण दावा दोघांचा होता, दोघांच्या सहीनं होता, एवढं नक्की. थोरल्यानं भावाला वगळलं नव्हतं. नाना एवढंच म्हणाले, ‘झेरॉक्स ठेवून जा. आणि बाबाला सांग, ये म्हणावं.’

बाबा अजून गेलेले नाहीत. पण परवा त्यांनी स्वतःहून नानांचा नंबर मागितला.

तुम्हालाही शोधायचंय?

• आधी घरचा माळा. दाव्याची नक्कल, पावती, जुनं रेशनकार्ड, काहीही फेकू नका.

• नाव, तेव्हाचा पत्ता आणि साल लिहून काढा. इंग्रजी स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार धरा.

• राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवर घरबसल्या शोधता येतं. राज्याच्या पुराभिलेख विभागातही चौकशी करा.

• दावा म्हणजे मागणी, मंजुरी नव्हे. प्रत्येक ग्रामोफोनवर विश्वास ठेवू नका!

• आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसासमोर बसून यादी वाचा. उशीर करू नका.