सिएरा लिओनमधील युद्धार्थकारण व खाजगी सैन्य

पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनच्या यादवी युद्धात (१९९१–२००२) हिरे हे शस्त्रखरेदीचे प्रमुख साधन ठरले. कोनो जिल्ह्यात हिरे नदीच्या गाळात सापडत असल्याने ते फावडे व चाळणीने काढता येत. रेव्होल्यूशनरी युनायटेड फ्रंट ही बंडखोर संघटना सक्तीच्या मजुरीने काढलेले हिरे लायबेरियामार्गे विकून शस्त्रे मिळवी. १९९५ मध्ये तत्कालीन लष्करी शासनाने एक्झिक्युटिव्ह आउटकम्स ही दक्षिण आफ्रिकी खाजगी कंपनी नेमली. तिने फ्रीटाउन या राजधानीवरील संकट दूर करून कोनो परत मिळविले. मात्र तिचे देयक थकत गेले. नोव्हेंबर १९९६ च्या आबीजान करारानंतर जानेवारी १९९७ मध्ये ती परतली. मे महिन्यात राष्ट्रीय सेनेनेच बंड करून अहमद तेजान कब्बा यांचे निर्वाचित सरकार उलथले. भाडोत्री बळाने खाणी राखता आल्या. राज्यसंस्था उभी राहिली नाही.