वांग, लेसर आणि गटाचे कर्ज



आमच्या गटांच्या मासिक बैठकीत कर्जाचे अर्ज वाचून दाखवले जातात. शेळी, शिलाई मशीन, मुलाची फी, दवाखाना ही कारणे ठरलेली. अलीकडे त्यांत एका नव्या कारणाची भर पडली आहे, 'चेहऱ्याचे लेसर'. शहरातल्या क्लिनिकमध्ये सहा बैठकांचे पॅकेज, निम्मे पैसे आधी भरायचे. असा अर्ज आला की बैठकीत दोन तट पडतात. काही जणी म्हणतात, ही चैन झाली, चैनीला कर्ज कशाला. आम्हाला ते पटत नाही. ज्या बाईला लग्नकार्यात चार जणी 'अगं तोंडाला काय झालं?' असं विचारतात, ती फोटो काढायची वेळ आली की मागे सरकते. तिचे दुःख खरे आहे. प्रश्न एवढाच आहे की तिने घेतलेल्या कर्जातून तिचे डाग जातील का. आज त्याबद्दलच बोलू.

वांग म्हणजे दोन्ही गालांवर, कपाळावर, नाकावर, वरच्या ओठावर साधारण सारख्या आकाराचे तपकिरी किंवा करडे डाग. डॉक्टर त्याला मेलाज्मा म्हणतात. तो संसर्गाचा रोग नाही, एकीचा दुसरीला लागत नाही. पोट साफ नाही किंवा रक्त खराब आहे म्हणून तो येतो, हेही खरे नाही. आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या मेलानिन नावाचा रंग बनवतात, आणि उन्हापासून कातडीचा बचाव व्हावा म्हणूनच बनवतात. वांग येते तिथे या पेशी गरजेपेक्षा जास्त काम करायला लागलेल्या असतात. त्यांना चिथावणारी कारणे मुख्यतः तीन. पहिले ऊन, दुसरे बाईच्या शरीरातली संप्रेरके, तिसरे घराण्यातून आलेला कल. म्हणून गरोदरपणात वांग दिसते आणि काही जणींचे बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपोआप फिके होते. म्हणूनच माला-एनसारख्या संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या काही जणींना ते येते. उष्णतेनेही भर पडते, त्यामुळे तासन् तास चुलीपुढे किंवा भट्टीपुढे बसणाऱ्या बायकांनी तेही लक्षात ठेवावे.

आता लेसर. लेसर म्हणजे एकाच रंगाचा, एकाच दिशेने जाणारा जोरदार प्रकाश. १९८३ साली अमेरिकेतल्या अँडरसन आणि पॅरिश या दोन डॉक्टरांनी एक तत्त्व मांडले. प्रकाशाचा रंग नीट निवडला आणि तो क्षणभरच सोडला, तर आजूबाजूच्या कातडीला फारसे न दुखवता फक्त हवी ती गोष्ट तापवून फोडता येते. डागांसाठी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी क्यू-स्विच्ड एनडी-याग नावाचे यंत्र वापरतात. त्याचा १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीत खोल जातो. सेकंदाच्या काही कोट्यांश भागाइतकाच तो चमकतो आणि रंगाचे कण फुटतात. फुटलेला चुरा शरीर हळूहळू साफ करते. कातडीवर रबर ओढून सोडल्यासारखे टचकन लागते, एवढेच.

इथे आमच्या बायका हमखास एक प्रश्न विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. गोंदण लेसरने जाते, तर वांग का जात नाही? हातावरचे जुने गोंदण काढताना याच यंत्राचा चांगला उपयोग होतो, ही गोष्ट खरी. पण गोंदण म्हणजे बाहेरून घातलेली शाई. ती एकदा फोडून साफ झाली की संपली, कातडी नवी शाई बनवत नाही. वांगात रंग बनवणारी भट्टी कातडीतच आहे आणि ती पेटलेली आहे. लेसर तयार माल फोडते, भट्टी विझवत नाही. उन्हात एक दिवस नीट काम झाले की नवा माल तयार. दुसरी गोष्ट अशी की लेसरची उष्णता हीच त्या पेशींना चिथावू शकते. म्हणून काही जणींचे डाग लेसरनंतर आधीपेक्षा गडद होतात. गोऱ्या कातडीपेक्षा आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीला हा धोका जास्त, कारण तिच्या वरच्या थरातच रंग भरपूर असतो आणि लेसर तोही शोषून घेते.

तिसरा धोका क्लिनिकच्या जाहिरातीत कधीच नसतो. 'लेसर टोनिंग' म्हणून कमी जोराच्या बैठका आठवड्या-दोन आठवड्यांनी सलग घेत गेले, तर काही जणींच्या चेहऱ्यावर तांदळाच्या कण्या विखुराव्यात तसे पांढरे ठिपके उमटतात. तिथल्या रंगाच्या पेशी थकलेल्या किंवा मेलेल्या असतात. तपकिरी डाग एक वेळ झाकता येतो, पांढरा झाकणे जास्त कठीण. हे सगळ्यांना होते असे मुळीच नाही. पण पैसे भरण्याआधी माहीत असावे.

म्हणून त्वचारोगाचे जाणते डॉक्टर वांगासाठी लेसरने सुरुवात करत नाहीत. आधी उन्हापासून बचाव, त्यासोबत मलमे, मग गरज वाटली तर केमिकल पील, आणि एवढे करूनही भागले नाही तर जपून लेसर, असा त्यांचा क्रम असतो. लेसरने डाग फिके झाले तरी काही महिन्यांत ते परत येणे हे नेहमीचे आहे. 'कायमचे घालवतो' असे कोणी सांगितले, तर तिथून उठावे. वांग मधुमेहासारखे समजा, ताब्यात ठेवायचे असते. तीळ, जन्मखूण, एकाच बाजूला डोळ्याभोवती निळसर करडा डाग यांची गोष्ट वेगळी. त्यांतल्या काहींवर लेसर खरोखर चांगले काम करते. त्यामुळे डाग कशाचा आहे, हे आधी ठरायला हवे.

आणि ते ठरवणे सोपे नाही. मानेभोवती काळेपणा मखमलीसारखा जाड झाला असेल तर अनेकदा ते साखर वाढण्याच्या वाटेवरचे लक्षण असते. तिथे लेसरआधी रक्तातली साखर तपासावी. कपाळावर कुंकवाच्या जागी आलेला डाग कुंकवातल्या रसायनाने असू शकतो. केसांना काळा रंग लावणाऱ्यांच्या कपाळाच्या कडेला, कानाजवळ काळेपणा येतो तो रंगाचा असू शकतो. अशा डागांवर आधी उपाय काय, तर ते कुंकू, तो रंग बंद करणे. त्याला पैसे पडत नाहीत.

उन्हाबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण खरी लढाई तिथेच आहे. द्राक्षाची विरळणी, कापूस वेचणी, कांदा काढणी, ही कामे आपली आणि ती उन्हातच करायची. 'उन्हात जाऊ नका' हा सल्ला देणारा शेतात आलेला नसतो. पण सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत घट्ट विणीच्या गडद रंगाच्या सुती ओढणीने तोंड झाकता येते, वर रुंद कडेची टोपी घालता येते. हे फुकटात होते आणि कुठल्याही मलमापेक्षा कमी नाही. त्यावर सनस्क्रीन. तिच्या ट्यूबवर एसपीएफ ३० किंवा जास्त लिहिलेले असावे आणि यूव्हीए किरणांपासूनही संरक्षण असल्याचे छापलेले असावे. आपल्या कातडीत नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही वांग गडद होते, आणि साधी पांढरी सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. त्यासाठी कातडीच्या रंगाची, लोहाचे ऑक्साइड असलेली सनस्क्रीन मिळते. ती घ्यावी. तर्जनी आणि मधले बोट, या दोन बोटांवर लांब रेघ काढावी एवढी सनस्क्रीन चेहऱ्याला आणि मानेला लागते. साधारण एक ग्रॅम. दिवसातून दोनदा लावली तर ५० ग्रॅमची ट्यूब पंचवीस दिवसांत संपते. वाटाण्याएवढी लावून वर्षभर ट्यूब पुरवणाऱ्या मैत्रिणींनो, ती लावलीच नाही असे समजा!

हा हिशेब आम्ही मुद्दाम बैठकीत मांडला. दर महिन्याला सनस्क्रीन घेण्याची ऐपत किंवा तयारी नसेल, तर लेसरवर घातलेला पैसा ऊन खाऊन टाकणार. समजा गटातून १२,००० रुपये घेतले आणि व्याज महिना दोन टक्के, तर पहिल्याच महिन्याचे व्याज २४० रुपये. त्यापेक्षा ते २४० सनस्क्रीनच्या खर्चात घातलेले बरे. शेवटी आमच्या गटांनी असे ठरवले की पॅकेजसाठी आगाऊ कर्ज द्यायचे नाही. तपासणी, मलम आणि सनस्क्रीन यांसाठी छोटे कर्ज द्यायचे. तीन-चार महिन्यांनी त्वचारोग डॉक्टरने लेसर लिहून दिले, तर एकेका बैठकीपुरते पैसे द्यायचे. हे मनाला लागलेल्या काही जणी आहेत. आम्ही निर्णय बदललेला नाही.

लेसर महाग म्हणून मेडिकलमधून 'गोरे होण्याची' ट्यूब आणणे, हा त्याहून वाईट मार्ग. डॉक्टर वांगासाठी तीन औषधे एकत्र असलेले मलम देतात, त्याचा पाया १९७५ साली क्लिगमन आणि विलिस यांनी घातला. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड असते. थोडे आठवडे, फक्त डागावर, रात्री, देखरेखीखाली लावले तर ते उपयोगी आहे. आपल्याकडे ते क्रीमसारखे वर्षानुवर्षे चोळले जाते. मग कातडी पातळ होते, लाल होते, पुरळ आणि लव येते, उन्हात आग होते, आणि मलम सोडले की सगळे उसळून येते. ट्यूबवर बारीक अक्षरांत मोमेटासोन, बीटामेथासोन, फ्लुओसिनोलोन, क्लोबेटासॉल यांपैकी नाव आहे का पाहा. शेवटी 'सोन' आले म्हणजे ते सोने नव्हे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली आहेत, तरी ती विकली जातात. जी बाई बरेच दिवस ती लावते आहे तिने एकदम बंद न करता डॉक्टरकडून कमी करून घ्यावी. बिनकंपनीच्या, डबीवर काहीच न छापलेल्या क्रीममध्ये पाराही निघतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये अशा क्रीम वापरणाऱ्यांचे मूत्रपिंडाचे आजार उघडकीला आले होते.

पोटात घ्यायच्या एका गोळीचे नावही अलीकडे ऐकू येते, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. पाळीत जास्त अंगावरून जाते तेव्हा देतात तीच. रक्तस्राव थांबवणारी ही गोळी कमी मात्रेत वांगावर उपयोगी पडते, हे जपानमध्ये १९७९ साली प्रथम मांडले गेले. पण जिच्या पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गाठ झाली आहे, जिला पक्षाघात होऊन गेला आहे, जी संप्रेरकांच्या गर्भनिरोधक गोळ्या घेते, तिला ती धोक्याची. शेजारणीची चिठ्ठी दाखवून घ्यायचे हे औषध नाही. आणि वांगासाठी माला-एन मनाने बंद करू नका. आशाताईंशी बोला. छाया गोळी किंवा कॉपर-टी यांत संप्रेरके नसतात. गरोदर असाल तर ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन लावू नका, लेसरही बाळंतपणानंतरच पाहा.

ज्या मैत्रिणी तरीही लेसर करणार आहेत त्यांनी डॉक्टरची पदवी विचारावी. एमबीबीएसनंतर त्वचारोगाची एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा हवा. पाटीवर 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' लिहिले म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ नव्हे, आणि पार्लरमध्ये तर लेसर करूच नये. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असतो, तो पाहावा. आधी कानामागे किंवा जबड्याच्या कडेला लहान जागेवर करून बघा, असे सांगावे. यंत्र चालू असताना तुमचे आणि चालवणाऱ्याचे, दोघांचेही डोळे झाकलेले हवेत, कारण तो न दिसणारा प्रकाश डोळ्यांचा पडदा जाळू शकतो. ऊन लागून चेहरा रापलेला असेल तर बैठक पुढे ढकलावी. पांढरे ठिपके दिसले किंवा डाग गडद होऊ लागले तर पुढची बैठक घेऊ नये, पॅकेजचे पैसे भरलेले असले तरी.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग असतो. पहिल्यांदा तिथे केसपेपर काढा. जाताना आजवर तोंडाला लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या पिशवीत घालून न्या, रिकाम्या असल्या तरी.