खारफुटीने किती जीव वाचवले?

खारफुटी वादळाला अडवते, असे आपण सहज म्हणून जातो. मुळांच्या आणि खोडांच्या जाळ्यातून येताना लाटेचा जोर ओसरतो, हे खरेच. पण ही झाडे माणसांची नेमकी किती राखण करतात, हे मोजायचे कसे? मला हा प्रश्न कळीचा वाटतो, कारण त्याच्या उत्तरावर पुढे माणसांचे जीव विसंबणार असतात.

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आले. सुमारे १० हजार माणसे गेली. केंद्रपाडा जिल्ह्यात खारफुटीमागच्या गावांत मृत्यू कमी होते. पण ती गावे मुळातच समुद्रापासून लांब किंवा उंचावर असतील, तर श्रेय झाडांना कसे द्यायचे? सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट या अभ्यासकांनी ४००हून अधिक गावे तपासली आणि असे फरक हिशेबात धरले. २००९ साली त्यांचा निष्कर्ष आला. खारफुटी नसती, तर किनाऱ्यापासून १० किलोमीटरच्या पट्ट्यात दर गावामागे सरासरी १.७२ माणसे अधिक दगावली असती. मात्र धोक्याच्या पूर्वसूचनेने त्याहूनही अधिक जीव वाचवले होते.

आपल्या कोकणातल्या खाडीकाठी हीच झाडे तिवर म्हणून ओळखली जातात. ती जरूर राखावीत. पण वादळाची सूचना आली, की त्यांच्या भरवशावर घरात बसून राहू नये, एवढे मला सांगायचे आहे.