हिरवा रंग पुरेसा नाही

वनस्पती सूर्यप्रकाशाच्या बळावर हवेतला कार्बन बांधून ठेवतात. त्यातला काही त्यांच्या श्वसनात खर्च होतो. उरतो तो पानं, खोड, मुळं आणि बिया होऊन साठतो. या शिलकीला निव्वळ प्राथमिक उत्पादकता म्हणतात. गुरंढोरं, पाखरं, वाळवी, मातीतले जीवाणू आणि माणूस, सगळे तिच्यावरच जगतात. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार, जमिनीवरच्या संभाव्य उत्पादकतेपैकी सुमारे 24 टक्के वाटा माणसाच्या हिशेबात जातो. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग आपण कापून नेतो, पण जवळजवळ 40 टक्के भाग जमिनीचा वापर बदलल्यामुळे उगवतच नाही. दुसरीकडे, उपग्रहांच्या नोंदींवर आधारलेला 2019 सालचा अभ्यास सांगतो की 2000 नंतर पृथ्वीवरचा पर्णभार वाढला आणि भारतातल्या वाढीपैकी 82 टक्के वाढ शेतीतून आली. मग काळजी कशाची? उत्तर असं की, किती उगवलं एवढंच पाहून भागत नाही. ते कोणाच्या पाण्यावर उगवलं आणि त्यातलं तिथे किती उरलं, हेही पाहावं लागतं.

सोलापूर जिल्ह्यात हे स्पष्ट दिसतं. वर्षाला पाचसहाशे मिलिमीटर पावसाच्या या मुलखात माळरानावर मारवेल, कुसळी अशी गवतं वाढतात. पावसाळ्यात ती उंच होतात, दिवाळीनंतर पिवळी पडतात आणि उन्हाळ्यात माळ ओसाड वाटतो. पण गवताचा मोठा ऐवज मुळांत, जमिनीखाली असतो. वरचं चरलं गेलं तरी पुढच्या पावसात ते पुन्हा फुटतं. धनगरांचे कळप, काळवीट, माळढोक यांचा संसार याच शिलकीवर चालत आला. त्या जागी ऊस आला की दर हेक्टरी उत्पादकता कितीतरी वाढते, हे मान्यच करायला हवं. मात्र उसाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. पावसाने भागत नाही ते भीमा नदीवरच्या उजनी धरणाचा कालवा किंवा बोअरवेल पुरवते. म्हणजे वाढलेल्या उत्पादकतेचा मोठा भाग त्या जमिनीचा नसून भीमेच्या खोऱ्यातून आणलेल्या पाण्याचा असतो, आणि तोडणी झाली की ऊस कारखान्याकडे जातो. सांगली-कोल्हापूर भागात अतिसिंचन आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे हजारो एकर जमीन क्षारपड झाली, तिथे तर पुढची उत्पादकताही गमावली गेली.

यावर रास्त आक्षेप येतो: शेतकऱ्याने माळ राखून पोट कसं भरायचं? ऊस हमखास विकला जातो, गवताला भाव नाही. त्यामुळे दोष शेतकऱ्याचा नाही, हिशेबाच्या पद्धतीचा आहे. चारा, जिरलेलं पाणी, धरून ठेवलेली माती यांची किंमत कुठेच मांडली जात नाही. ऊस मात्र टनात मोजला जातो. दुसरा आक्षेप असा की पडीक माळावर झाडं लावली तर पर्यावरणाचं भलंच होईल. पण कमी पावसाच्या प्रदेशात दाट लागवड गवताची सावलीने कोंडी करते आणि मातीतला ओलावाही ओढून घेते. तिथली मूळ परिसंस्था गवताळच आहे, ती जंगल व्हायची राहून गेलेली नाही.

म्हणून जमिनीच्या वापराचा निर्णय घेताना प्रत्येक प्रकल्पाकडून तीन आकडे मागायला हवेत: पावसावर किती उगवेल, बाहेरचं पाणी किती लागेल, आणि कापणीनंतर जमिनीत किती राहील. चांगल्या माळरानांना पडीक जमिनीच्या यादीतून वगळणं आणि चराईच्या जमिनीला पिकाइतका मान देणं, ही त्याची सुरुवात होऊ शकते.