प्रकाशाच्या रेषा

रात्रीच्या मुंबईची चित्रे तुम्ही दिनदर्शिकेवर पाहिली असतील. मरीन ड्राइव्हचा वळणदार रस्ता दिव्यांनी उजळलेला असतो, पण काही चित्रांत त्या रस्त्यावर एकही मोटार दिसत नाही. मोटारींच्या जागी पांढऱ्या आणि तांबड्या प्रकाशाच्या लांबच लांब रेषा असतात. शेजारचा समुद्र धुक्यासारखा मऊ दिसतो. मग मोटारी कोठे गेल्या? लाटा कोठे गेल्या? या प्रश्नांचे उत्तर कॅमेऱ्याच्या एका छोट्या भागात आहे. त्याचे नाव शटर.

शटर म्हणजे कॅमेऱ्यातील झडप. बटण दाबले की ती उघडते, प्रकाश आत येतो आणि ठरावीक वेळाने ती बंद होते. तेवढ्या वेळात समोर जे जे घडते, ते सर्व एकाच चित्रावर उमटते. दिवसा उजेड भरपूर असतो, म्हणून सेकंदाचा पाचशेवा भागही पुरतो. रात्री उजेड कमी असतो, म्हणून शटर अधिक वेळ उघडे ठेवता येते.

आता थोडे गणित करू. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात १० मीटर जाते. शटर १/५०० सेकंद उघडले, तर तेवढ्या वेळात ती फक्त २ सेंटीमीटर सरकते. त्यामुळे चित्रात ती थांबल्यासारखी दिसते. शटर १० सेकंद उघडे ठेवले, तर ती १०० मीटर पुढे जाते. मोटार कोणत्याही एका जागी पुरेसा वेळ थांबत नाही, म्हणून तिचा आकार उमटत नाही. पण तिचे दिवे प्रखर असतात. ते जेथून जातात, तेथे आपली खूण सोडतात. समोरून येणाऱ्या मोटारींची पांढरी रेषा होते आणि पलीकडे जाणाऱ्या मोटारींची तांबडी.

चालणारी वस्तू नाहीशी होण्याचा हा प्रकार छायाचित्रणाइतकाच जुना आहे. १८३८ साली पॅरिसमध्ये लुई दागेर याने उंचावरील खिडकीतून एका रस्त्याचे छायाचित्र घेतले. दिवस होता, तरीही त्या काळी चित्र उमटायला कित्येक मिनिटे लागत. रस्त्यावर वर्दळ होती, पण चित्रात रस्ता ओस दिसतो. फक्त एका बाजूला एक माणूस उभा आहे. तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबला होता, म्हणून चित्रात राहिला. त्याचे बूट पुसणाराही अंधुक दिसतो.

‘छायाचित्र खोटे बोलत नाही’ असे लोक म्हणतात. पण दागेरचे चित्र पाहून कोणी म्हणाला, “त्या वेळी रस्त्यावर कोणीच नव्हते,” तर ते खरे ठरेल का? नाही. चित्रात जे दिसत नाही, ते तेथे नव्हतेच असे समजू नये. म्हणून छायाचित्राला पुरावा मानण्यापूर्वी ते कसे काढले आणि शटर किती वेळ उघडे होते, हे विचारावे.

याच गुणाचा उपयोग कलेसाठीही होतो. १९४९ साली फ्रान्समध्ये चित्रकार पिकासो याने अंधारात हातात छोटा विजेचा दिवा घेऊन हवेत चित्रे काढली. छायाचित्रकार ग्यॉन मिली याने शटर उघडे ठेवून ती टिपली. हवेत क्षणभरही न टिकणारी रेषा कागदावर कायमची राहिली.

तुम्हांलाही हे करून पाहता येईल. काही मोबाइलमध्येही वेळ ठरवण्याची सोय असते. कॅमेरा तिपाईवर किंवा भक्कम टेबलावर ठेवा. हातात धरलात, तर रेषाच नव्हे, इमारतीही पुसट होतील. बटण दाबतानाही कॅमेरा हलतो, म्हणून टायमर लावा. वेळ ८ ते १० सेकंद ठेवा. चित्र फार पांढरे झाले, तर वेळ कमी करा किंवा भिंगाचे छिद्र लहान करा. रस्त्याच्या मधोमध किंवा रेल्वेरुळांजवळ कधीही उभे राहू नका. घराची गच्ची किंवा खिडकी उत्तम. घरातील मोठ्यांना सोबत घ्या.

जवळ रस्ता नसेल, तर अंधाऱ्या खोलीत मित्राच्या हाती बॅटरी द्या. त्याला कॅमेऱ्याकडे तोंड करून हवेत आपले नाव लिहायला सांगा. चित्रात ते उलटे दिसेल. ते सुलटे दिसण्यासाठी काय करावे लागेल? एक सूचना लक्षात ठेवा: उर्दू उजवीकडून आणि मराठी डावीकडून लिहितात, कॅमेरा मात्र समोरून पाहतो. उत्तर स्वतः शोधा.